प्रवासातील तान्हे मूल: कापडी बाळोते की एकवापरी डायपर?

तान्ह्या मुलाला घेऊन दूरच्या प्रवासास निघणाऱ्या कुटुंबापुढे जे अनेक प्रश्न उभे राहतात, त्यांत बाळोत्यांचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. घरी तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. कारण मोरी, बादली, वाळवणाची दोरी आणि गच्चीवरचे ऊन ही चार साधने तेथे आपापले काम निमूटपणे करीत असतात. प्रवासास निघताच ही चारही मागे राहतात, आणि दिवसातून आठ-दहा वेळा भिजणारे बाळोते मात्र बरोबर येते.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. वडीलधाऱ्या स्त्रिया जुन्या धोतराच्या वा लुगड्याच्या मऊ झालेल्या कापडाचा पुरस्कार करतात; तरुण आईबाप दुकानातील डायपरचे पुडे सामानात भरू लागतात. एकीकडे ‘बाळाच्या अंगाला प्लॅस्टिक नको’ असा आग्रह, तर दुसरीकडे ‘धुणार कोठे आणि वाळवणार कोठे’ असा सवाल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु कोणते साधन चांगले, हा प्रश्न स्थळ आणि ऋतू यांपासून तोडून विचारला तर त्याला उत्तर मिळत नाही. म्हणून या लेखात आपण एक निश्चित स्थळ डोळ्यांसमोर ठेवू आणि तेथे या दोन्ही साधनांची परीक्षा करू.

घाटावरील परिस्थिती

हे स्थळ म्हणजे काशीतील अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा घाट बांधून काढला. आज तो राजा घाट या नावाने अधिक परिचित आहे. केदार घाट आणि दशाश्वमेध घाट यांच्या दरम्यान तो येतो. काशीयात्रेस जाणारी मराठी कुटुंबे या परिसरातून जातात. अनेकदा आजीआजोबांच्या बरोबर नातवंडही असते.

बाळोत्यांच्या दृष्टीने या परिसराची चार वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावी लागतात. पहिले असे की घाटामागील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार आत येऊ शकत नाही. सामान हातांतून न्यावे लागते, आणि कचराही हातगाडीनेच बाहेर जातो. दुसरे असे की या गल्ल्यांतून गाई, कुत्री व माकडे यांचा मुक्त संचार असतो. उघड्यावर ठेवलेली पिशवी फार वेळ बंद राहत नाही. तिसरे म्हणजे गंगा येथे उत्तरवाहिनी असून घाट तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. त्यामुळे त्यांच्यावर सकाळचे ऊन थेट पडते व दुपारनंतर इमारतींची सावली येते. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायऱ्यांच्या खाली नदी आहे. पायरीवर जे सांडते, ते आज ना उद्या नदीत जाते. पावसाळ्यात तर पूर चढला की खालच्या पायऱ्या पाण्याखालीच असतात.

कापड पाणी कसे धरते

कापसाचा तंतू जवळजवळ सर्वस्वी सेल्युलोज या द्रव्याचा बनलेला असतो. पाण्याच्या रेणूंना सेल्युलोजचे विशेष आकर्षण असते, म्हणून पाणी तंतूच्या अंगात शिरते. पण बाळोत्यातील बहुतेक ओलावा तंतूंमधील बारीक पोकळ्यांत साठतो. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते त्याच नियमाने, म्हणजे केशाकर्षणाने, लघवी कापडात सर्वत्र पसरते. वारंवार धुतलेले जुने कापड नव्या कापडापेक्षा अधिक शोषक असते, कारण नव्या कापडावरील खळ व मेणचट अंश धुलाईने निघून गेलेला असतो. जुन्या लुगड्याची निवड करणाऱ्या आज्यांचा अनुभव या बाबतीत शास्त्राशी जुळतो.

परंतु पोकळ्यांत साठलेले हे पाणी बांधलेले नसते. मूल मांडीवर बसले, कापडावर दाब आला, की ते बाहेर येते आणि मुलाच्या त्वचेस व आईच्या वस्त्रास भिजवते. कापडी बाळोत्याचा हा दोष आहे, आणि एका अर्थी गुणही आहे. कारण ओले झाल्याची वार्ता ते ताबडतोब देते.

डायपरच्या पोटात काय असते

एकवापरी डायपरचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने १९४६ च्या सुमारास पाणी न झिरपणारे आच्छादन तयार केले. त्याचे एकस्व तिला १९५१ मध्ये मिळाले. १९६१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ‘पॅम्पर्स’ हा डायपर बाजारात आणला. त्या काळचे डायपर लाकडाच्या लगद्याचे होते, आणि लगदा म्हणजे पुन्हा सेल्युलोजच; त्यामुळे कापडाचा दोष त्यांतही होताच. खरा बदल १९८० च्या दशकात झाला. लगद्यात एका महाशोषक बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, पांढरे कण मिसळले जाऊ लागले. या बहुवारिकाचे नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट असे आहे.

सब्जाचे बी पाण्यात टाकले असता त्याच्याभोवती पारदर्शक गर फुगतो, हे सर्वांनी पाहिले आहे. या कणाचेही असेच होते. त्याच्या लांब साखळ्यांवर सोडियमचे आयन बसलेले असतात. लघवीचा स्पर्श होताच तर्षणाच्या, म्हणजे ऑस्मोसिसच्या, क्रियेने पाणी आत ओढले जाते व साखळ्या उलगडतात. त्या एकमेकींस ठिकठिकाणी जोडलेल्या असल्याने विरघळून मात्र जात नाहीत. अशा रीतीने पाणी गरात कोंडले जाते आणि दाबानेही सहसा बाहेर येत नाही. शुद्ध पाणी हा कण आपल्या वजनाच्या काही शेकडा पट शोषू शकतो. लघवीत क्षार असल्याने हे प्रमाण बरेच घटते व सुमारे तीस ते पन्नास पटींवर येते. तरीही डायपरमधील दहा-बारा ग्रॅम कणांना तीनशे मिलिलिटर लघवी धरणे अवघड नाही. रात्रीच्या अखंड झोपेसाठी हा मोठाच लाभ आहे.

त्वचेची कसोटी

बाळोत्याखालील त्वचा लाल होणे, तिला चट्टे येणे, हा विकार तान्ह्या मुलांत अतिशय सामान्य आहे. लघवीतील अमोनिया त्वचा जाळतो, असे पूर्वी समजत असत. आता या विकाराचे चित्र अधिक स्पष्ट झाले आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लघवीतील युरियाचे, शौचातील जीवाणूंच्या विकरांमुळे, अमोनियात रूपांतर होते व त्वचेची आम्लता कमी होते. आम्लता कमी झाली की शौचातच असलेली प्रथिने व स्निग्ध पदार्थ पचविणारी विकरे जोमाने काम करू लागतात आणि ती मुलाच्या त्वचेलाच इजा करतात. ओलाव्याने सैल झालेली व घर्षणाने दुखावलेली त्वचा त्यांना प्रतिकार करू शकत नाही. पुढे त्यात कॅन्डिडा या बुरशीची भर पडते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ओलावा दूर ठेवण्यात महाशोषक डायपर कापडापेक्षा सरस आहे. परंतु लघवी आणि शौच एकत्र आल्यावर जो वेळ जातो, तोच खरा घातक आहे; आणि डायपर कोरडा भासत असल्याने तो वेळ वाढविण्याचा मोह आईबापांना होतो. घाटावर नावेत बसताना सकाळी बांधलेला डायपर दुपारी दर्शनाची रांग संपेपर्यंत तसाच राहिला, तर त्याचा सारा गुण वाया जातो. म्हणून साधन कोणतेही असो, शौच होताच ते बदलावे, आणि एरवी तीन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. स्वच्छ पाण्याने व मऊ कापडाने अंग पुसावे, काही वेळ त्वचा उघडी राहू द्यावी, आणि जरूर तर जस्ताच्या भस्माचे, म्हणजे झिंक ऑक्साइडचे, मलम लावावे. चट्टे दोन-तीन दिवसांत कमी न झाल्यास किंवा त्यांवर पुळ्या दिसल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मळ शेवटी कोठे जातो

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी आलो. कापडी बाळोते मळ पाण्याकडे पाठविते. डायपर तो कचऱ्याकडे पाठवितो. मळ नाहीसा करणारे साधन या दोहोंपैकी एकही नाही.

तान्ह्या मुलाचा मळ निरुपद्रवी असतो, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. शास्त्राला तो मान्य नाही. मुलांतील अतिसाराचे एक प्रमुख कारण असलेला रोटा विषाणू मुलांच्याच शौचातून पसरतो, आणि त्याचे अगदी थोडे कणही दुसऱ्या मुलास आजारी पाडण्यास पुरेसे होतात. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात या विषाणूवरील लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली, यावरून या रोगाचे गांभीर्य ध्यानी यावे.

एक साधा हिशेब करून पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानयोग्य पाण्यासाठी जो निकष ठरविला आहे, त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू ५०० पर्यंत असणे इष्ट असून २५०० ही कमाल मर्यादा आहे. मुलाच्या एक ग्रॅम शौचात असे जीवाणू एक कोटी आहेत असे धरू. हा अंदाज संयमाचाच आहे. एका लिटरला २५,००० या कमाल मर्यादेने भागिले असता, हा एक ग्रॅम मळ ४०० लिटर स्वच्छ पाण्याला स्नानयोग्यतेच्या काठावर आणून ठेवतो. इष्ट मर्यादा धरली तर २,००० लिटर पाण्याला. एक बाळोते पायरीवर बसून नदीत खळबळणे ही क्रिया अवघ्या अर्ध्या मिनिटाची. पण तिचा हिशेब असा आहे. आणि त्याच पायरीवर दुसऱ्या कोणा मुलास गंगास्नान घातले जात असते.

गंगेचे पाणी नासत नाही, तेव्हा तिला या मळाची काय बाधा, असे कोणी म्हणेल. या समजुतीमागे एक निरीक्षण आहे खरे. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीच्या जंतूंचा नाश करणारे काहीतरी असल्याचे नोंदविले होते. पुढे जीवाणूंना भक्ष्य करणाऱ्या विषाणूंचा शोध लागला आणि या निरीक्षणाचा उलगडा होऊ लागला. परंतु असा प्रत्येक भक्षक विषाणू ठराविक जातीच्या जीवाणूंवरच चालतो. रोटा विषाणूवर वा जंतांच्या अंड्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. शिवाय नदीची शक्ती कितीही मोठी असली तरी तिच्यावर रोज टाकला जाणारा भार त्याहून वेगाने वाढू शकतो. गंगा कृती योजनेचा आरंभ १९८६ मध्ये वाराणसीतूनच करावा लागला, हे येथे आठवावे.

डायपरची बाजूही निर्दोष नाही. त्याचे बाहेरचे आवरण पॉलिथिनचे, आतील अस्तर पॉलिप्रॉपिलिनचे आणि शोषक कण पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. यांपैकी काहीही लवकर कुजत नाही. उघड्यावर जाळल्यास त्रासदायक धूर होतो. घाटाच्या कोपऱ्यात टाकलेली गुंडाळी कुत्री फाडतात, पावसात ती फुगते, आणि पुरात नदीच्या स्वाधीन होते. हे सर्व टळले तरी ती गुंडाळी कोणाच्या तरी हाताखालून जातेच. गल्लीतील कचरा हातगाडीत भरणाऱ्या आणि पुढे निवडणाऱ्या सफाई कामगाराला आपल्या मुलाचा मळ बोटांनी वेगळा करावा लागणे, हे आपल्या सोयीचे मूल्य दुसऱ्याने देण्यासारखे आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेल्या डायपरची गणना स्वच्छताविषयक कचऱ्यात केली आणि तो नीट गुंडाळूनच देण्याचे बंधन नागरिकांवर घातले, ते याच कारणाने.

यावर उपाय एकच, आणि तो दोन्ही साधनांना लागू आहे: घन मळ प्रथम शौचकूपात टाकावा. तेथून त्याला मलवाहिनीने शुद्धीकरण केंद्राकडे जाण्याचा मार्ग तरी असतो. त्यानंतर बाळोते बादलीत धुवावे आणि पहिले पाणीही शौचकूपातच ओतावे. डायपर असेल तर तो आत दुमडून, चिकटपट्टीने बंद करून, कागदात गुंडाळावा आणि कचरा नेणाऱ्याच्या हाती वेगळा द्यावा. शेवटी साबणाने हात धुतल्यावाचून मुलाच्या तोंडाला वा अन्नाला हात लावू नये.

पाणी, ऊन आणि ऋतू

कापडाच्या निवडीचा निर्णय पुष्कळदा धुण्यापेक्षा वाळण्यावर अवलंबून असतो. सुती बाळोत्याचे वजन सुमारे ४५ ग्रॅम धरले तर दिवसाची आठ बाळोती ३६० ग्रॅम भरतात. हाताने पिळल्यावर त्यांत साधारण तेवढेच पाणी उरते असे समजू. हे पाणी वाफ होऊन जाण्यास सुमारे २०० किलोकॅलरी उष्णता लागते. ती ऊन आणि वारा देतात. आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर दोघांचेही काही चालत नाही.

एप्रिल-मेमध्ये काशीची हवा तप्त व कोरडी असते. अशा दिवसांत सकाळी धुतलेले पातळ बाळोते दुपारच्या आत कडकडीत वाळते; सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी उरलेसुरले जंतूही बरेच मरतात. कापडास हा ऋतू सर्वांत अनुकूल. जुलै ते सप्टेंबर या काळात हवा दमट असते, आणि डिसेंबर-जानेवारीत धुके कित्येकदा दिवस वर येईपर्यंत हटत नाही. धर्मशाळेच्या बंद खोलीत दोरीवर लटकणारे अर्धओले कापड तेव्हा बुरशीला आमंत्रण देते, आणि असे कापड मुलाला बांधणे हे स्वच्छ डायपरपेक्षा निश्चितच वाईट आहे.

पाण्याचाही विचार हवा. एकदा भिजविणे, एकदा धुणे व दोनदा खळबळणे यांना पंधरा लिटरची एकेक बादली धरली तर दिवसाला ६० लिटर पाणी होते. उतरण्याच्या जागी नळाला इतके पाणी आहे काय, याची चौकशी आधी करावी. साबण पूर्ण निघून जाईपर्यंत खळबळणे आवश्यक आहे. कापडात राहिलेला साबणही त्वचेला बोचतो.

व्यापक हिशेब

या दोन साधनांचा पर्यावरणावरील भार मोजण्याचे काम ब्रिटनमध्ये काळजीपूर्वक झाले आहे. तेथील पर्यावरण यंत्रणेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, एका मुलाच्या अडीच वर्षांच्या वापरात डायपरमुळे सुमारे ५५० किलोग्रॅम व कापडी बाळोत्यांमुळे सुमारे ५७० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका तापमानवाढीचा भार पडतो. म्हणजे दोघे जवळजवळ सारखेच. मात्र यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळविले व तीच बाळोती दुसऱ्या मुलासाठी वापरली, तर कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. अतिगरम पाणी व विजेचे वाळवणयंत्र वापरले तर तो वाढतो. २०२३ मधील नव्या अहवालात कापडाचा भार डायपरपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळला.

भारतीय घरात बाळोती बहुधा दोरीवरच वाळतात आणि एका मुलाची दुसऱ्यास मिळतात. म्हणून घरच्या रोजच्या वापरात कापडाचे पारडे जड आहे. प्रवासाचे चार-पाच दिवस या दीर्घ हिशेबात फारसा फरक पाडीत नाहीत. त्या दिवसांत मुलाची त्वचा व त्या स्थळाची स्वच्छता हेच विचार मुख्य ठरतात.

निवड कशी करावी

मुंबईहून काशीपर्यंतचा रेल्वेप्रवास एका दिवसाहून अधिक काळाचा आहे. डब्यात धुण्याची वा वाळविण्याची सोय नसते. येथे डायपर हेच योग्य साधन होय. परंतु तो गाडीच्या शौचकूपात कदापि टाकू नये. रेल्वेने संरक्षण संशोधन संस्थेच्या साहाय्याने डब्यांत जी जैव-शौचालये बसविली आहेत, त्यांतील जीवाणू हवेवाचून मळाचे विघटन करतात; प्लॅस्टिकचे त्यांना काहीच करता येत नाही. एक फुगलेला डायपर संपूर्ण टाकी निकामी करू शकतो. वापरलेले डायपर घट्ट पिशवीत ठेवून स्थानकावरील कचराकुंडीत टाकावेत.

मुक्कामी पोचल्यावर तीन प्रश्न विचारावेत. नळाला पुरेसे पाणी आहे काय? सकाळचे ऊन येणारी गच्ची आहे काय? आणि कचरा रोज उचलला जातो काय? पहिल्या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर दिवसा कापड व रात्री डायपर अशी विभागणी उत्तम. रोज धुणे शक्य असल्यास सोळा ते वीस बाळोती पुरतात, आणि ओली बाळोती ठेवण्यास मेणकापडाची एक पिशवी हवी. पाणी वा ऊन नसेल तर संकोच न करता डायपर वापरावा; मात्र त्याच्या कचऱ्याचा भार ओळखून. आठ किलो वजनाचे मूल दिवसाला सुमारे ३८० मिलिलिटर लघवी करते असे धरले, तर सहा डायपर मिळून मळ वगळताही सहाशे ग्रॅमच्या वर कचरा होतो. तीन दिवसांच्या मुक्कामात जवळजवळ दोन किलो. कचरा नेण्याची खात्रीची सोय नसेल, तर तो बांधून जेथे सोय आहे तेथपर्यंत आपणच नेणे हे यात्रेकरूचे कर्तव्य आहे.

आपल्याकडील आणखी एक जुनी रीत येथे उपयोगी पडते. झोपून उठल्यावर वा दूध पाजल्यानंतर थोड्या वेळाने मुलाला पायांवर बसविले, तर बरेचदा शौच तेथेच होते. हे शौचकूपाशेजारी केले की एका दिवसातील दोन-तीन बाळोती सहज वाचतात, आणि मळही योग्य जागी जातो.

यात्रेचे सामान बांधताना कापड घ्यावे की डायपर, याचा विचार आई किंवा आजी एकटीनेच करावा असे नाही. बादली उचलणे, पाणी शौचकूपात ओतणे, पुडके बांधून कचरागाडीपर्यंत नेणे ही कामे बरोबर आलेल्या पुरुषांनीही करण्यासारखी आहेत. ती नीट झाली तर साधन कोणतेही असो, मूल कोरडे राहील, आणि घाटाच्या पायऱ्या पुढच्या यात्रेकरूच्या मुलासाठी स्वच्छ राहतील.